जुळ्या किरणांची जन्मवेळ

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला 'झिरो बावन्न चौतीस' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ठिबकच्या टाकीत विरघळवून सोडायचं ते पांढरं, साखरेसारखं विद्राव्य खत. त्याच्या शेजारच्या पोत्यावर 'बारा एकसष्ट' लिहिलेलं असतं. पहिलं मोनो पोटॅशियम फॉस्फेट, दुसरं मोनो अमोनियम फॉस्फेट. हेच क्षार अगदी शुद्ध घेतले, त्यांच्या संपृक्त द्रावणात बोटभर स्फटिक टांगला आणि पाण्याचं तापमान अतिशय सावकाश उतरवत नेलं, तर तो स्फटिक दिवसागणिक वाढत जातो. चौकोनी, टोकदार, काचेसारखा नितळ. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांची नावं केडीपी आणि एडीपी. दुसऱ्या महायुद्धात समुद्राखालच्या पाणबुड्या हुडकणाऱ्या सोनार यंत्रांसाठी एडीपीचे स्फटिक मोठ्या प्रमाणावर वाढवले गेले. त्यामुळे युद्ध संपलं तेव्हा ते वाढवण्याची विद्या लोकांच्या हातात होती.

पुढे या क्षारांच्या पोटात प्रकाशाची जुळी जन्माला आली. एक किरण आत जातो, त्यातल्या एखाद्या कणाचे, म्हणजे फोटॉनचे, दोन होतात आणि ते दोघं बाहेर पडून आपापल्या वाटेनं जातात, पण एकमेकांचं देणंघेणं विसरत नाहीत. या जुळ्यांचा इतिहास मला एकाच प्रश्नाच्या मागं जाऊन सांगायचा आहे. सुईणीला विचारावा तसा साधा प्रश्न: दोघं एकाच वेळी जन्मली म्हणता, पण किती एकाच वेळी?

सुरुवात १९६० साली होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या मॅलिबू इथं थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. वर्षभरातच मिशिगन विद्यापीठातल्या पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा तांबडा झोत क्वार्ट्झच्या स्फटिकावर टाकला. झोताची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर. पलीकडे छायाचित्राची काच ठेवली होती आणि तिच्यावर तांबड्या प्रकाशाच्या जाड डागापासून दूर, ३४७ नॅनोमीटरच्या जागी, एक बारीक ठिपका उमटला. बरोबर निम्मी तरंगलांबी, म्हणजे दुप्पट कंपनं. स्फटिकानं तांबड्याचे दोन फोटॉन एकत्र करून अतिनीलचा एक घडवला होता. ऑगस्ट १९६१ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये निबंध छापून आला, त्यात ते चित्रही आलं, बाण दाखवून. पण बाणापुढे काहीच नव्हतं. छपाईच्या वाटेवर कुणीतरी तो ठिपका काचेवरची घाण समजून स्वच्छ पुसून टाकला होता. अरैखिक प्रकाशशास्त्राच्या पहिल्या निबंधातलं मुख्य चित्र आजही ग्रंथालयात तसंच, ठिपक्याविना, पाहायला मिळतं. या विषयातला उजेड पहिल्यापासून किती फिका होता, याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

दोनाचा एक होतो, तर एकाचे दोन का होऊ नयेत? होतात, पण त्यात एक मेख आहे, आणि ती समजायला नागपंचमीचा झोका पुरेसा आहे. झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभं राहून बाई झोका चढवते तेव्हा तिला मागून कुणी ढकलत नसतं. ती गुडघ्यात वाकते आणि ताठ होते. झोक्याच्या एका फेरीत दोनदा. तिच्या उठाबशीची लय झोक्याच्या दुप्पट असते आणि त्या दुप्पट लयीतली ताकद झोक्याच्या संथ लयीत उतरते. स्फटिकात नेमकं हेच घडतं: वरच्या लयीचा प्रकाश आपली ऊर्जा खालच्या लयींच्या प्रकाशाला देतो. आता मेख अशी, की झोका अगदी स्थिर लोंबत असेल तर कितीही उठाबशा काढा, तो हलत नाही. आधी थोडी तरी गती हवी. मग अंधाऱ्या स्फटिकात, जिथं खालच्या लयीचा प्रकाशच नाही, तिथं सुरुवात कोण करून देणार?

पुंजभौतिकीचं उत्तर असं, की निसर्गात पूर्ण स्थिर झोका नसतोच. सगळा प्रकाश काढून घेतला तरी निर्वातात एक किंचितशी थरथर शिल्लक राहते, आणि तेवढी पुरते. १९६१ मध्येच विल्यम लुइसेल, अॅम्नॉन यारिव्ह आणि अँथनी सीगमन यांनी गणितानं दाखवलं होतं, की असा, लहर वाढवत नेणारा वर्धक आत काहीही न घालता स्वतःहून थोडं काहीतरी बाहेर टाकत राहील. त्यांच्या लेखी तो गोंगाट होता, वर्धकाच्या अंगची खोड.

स्फटिकात जन्मलेल्या प्रकाशाची आत पडणाऱ्या प्रकाशाशी पावलं जुळावी लागतात, नाहीतर एका ठिकाणी जमवलेलं पुढच्या ठिकाणी पुसलं जातं. १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये जोसेफ जॉर्डमेन यांनी आणि फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी केडीपीत ही पावलं जुळवण्याची युक्ती दाखवली: स्फटिक असा काही कोनात धरायचा, की वेगवेगळ्या रंगांचा आतला वेग सारखा पडावा. त्याच वर्षी निकोलास ब्लोमबर्गन आणि त्यांच्या हार्वर्डच्या सहकाऱ्यांनी आणखी एक वाट कागदावर मांडून ठेवली. तिच्याकडे आपण परत येऊ.

१९६७ साली तो स्वयंभू उजेड दिसला, आणि एकाच वर्षात तीन ठिकाणी दिसला. स्टॅनफर्डमध्ये स्टीफन हॅरिस, ओशमन आणि रॉबर्ट बायर यांनी लिथियम नायोबेटच्या स्फटिकात तो पाहिला. कॉर्नेलमध्ये डग्लस मॅग्डी आणि हर्बर्ट मार यांनी आपल्या 'बारा एकसष्ट'च्या, म्हणजे एडीपीच्या, स्फटिकात पाहिला. तो ४४०० पासून १६००० अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे जांभळ्यापासून थेट अवरक्तापर्यंत, हवा तसा फिरवता येत होता. आणि मॉस्को विद्यापीठात सर्गेई अखमानोव, रेम खोखलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. शीतयुद्धाच्या त्या काळात दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचे निबंध उशिरानं का होईना वाचत आणि त्यांना उत्तर देत. खोखलोव पुढे मॉस्को विद्यापीठाचे रेक्टर झाले. ते कसलेले गिर्यारोहक होते. १९७७ मध्ये पामीरच्या उंच शिखरावरच्या मोहिमेनंतर त्यांचा अंत झाला.

तिघांनीही उजेड पाहिला, मोजला, त्याचे रंग नोंदवले. पण तो जुळ्यांचा आहे हे उजेडाकडे बघून कळण्यासारखं नव्हतं. गर्दीकडे लांबून पाहिलं तर तिच्यात भावंडं कोण आणि परकी कोण, हे कसं कळावं? मॉस्कोतलेच डेव्हिड क्लिश्को या प्रश्नाशी सर्वांत आधी थबकले. लुइसेल प्रभृतींनी ज्याला गोंगाट म्हटलं त्याला क्लिश्को यांनी फोटॉनचा क्षय म्हटलं: एक फोटॉन फुटून दोन होतात. १९६९ मध्ये बोरिस झेल्डोविच यांच्याबरोबर त्यांनी लिहिलं, की असं असेल तर या प्रकाशातले फोटॉन जोड्यांनीच आले पाहिजेत, आणि दोन डिटेक्टर लावून ते तपासता आलं पाहिजे.

तपासलं ते अमेरिकेत, आणि जिथं ते झालं त्या जागेची कथा चटका लावणारी आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात नासानं १९६४ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्र काढलं होतं. तिथं डेव्हिड बर्नहॅम आणि डोनाल्ड वाइनबर्ग यांनी हेलियम-कॅडमियम लेसरचा ३२५ नॅनोमीटरचा अदृश्य झोत एडीपीच्या स्फटिकात सोडला. पलीकडे दोन फोटॉन मोजणाऱ्या नळ्या ठेवल्या. कुठं ठेवायच्या हे ऊर्जेचं आणि संवेगाचं गणित सांगत होतं: एका भावंडाचा रंग आणि दिशा ठरली, की दुसऱ्याची आपोआप ठरते. दोन्ही नळ्या एकाच वेळी वाजल्या तरच तिसरा मोजणारा एक आकडा पुढे सरकवी. नळी योग्य जागी असली की जोड्या येत. ती जागेवरून सरकवली की आकडा केवळ योगायोगानं पडणाऱ्या जोड्यांइतका खाली उतरे. एका नळीच्या तारेत विलंब घातला, तरी तसंच. जागा चुकली की भेट नाही, वेळ चुकली की भेट नाही. जुळी सिद्ध झाली.

हा निबंध जुलै १९७० मध्ये छापून आला. नासाचं ते केंद्र ३० जून १९७० रोजी बंद झालं होतं. चंद्रावर माणूस उतरून वर्षही झालं नव्हतं आणि खर्चाला कात्री लागत होती. इमारत वाहतूक खात्याकडे गेली. आज जगभरच्या पुंज-प्रयोगशाळांमध्ये दिवसरात्र चालणाऱ्या प्रयोगाचा पहिला निबंध आला तेव्हा तो जिथं झाला ते दार लागलेलं होतं. त्यानंतरची दहाएक वर्षं या विषयात फारशी हालचाल दिसत नाही.

बर्नहॅम-वाइनबर्ग यांच्या घड्याळाची धार नॅनोसेकंदांची होती. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम फूटभर जातो, म्हणजे माणसाच्या हिशेबानं ही अफाट अचूकता. पण फोटॉनच्या हिशेबानं एक फूट म्हणजे दोन गावांमधलं अंतर. १९८५ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात लिओनार्ड मँडेल, त्यांचे विद्यार्थी हाँग आणि फ्रीबर्ग यांनी ही वेळ १०० पिकोसेकंदांपर्यंत, म्हणजे तीन सेंटिमीटरपर्यंत, खाली आणली. बर्लिनमध्ये जन्मलेले मँडेल प्रकाशाच्या सांख्यिकीत आयुष्यभर रमलेले. रॉचेस्टर हे या विद्येचं माहेरच होतं, आपले ई. सी. जी. सुदर्शन यांनी प्रकाशाच्या पुंजावस्थांचं आपलं प्रसिद्ध सूत्र १९६३ मध्ये तिथूनच लिहिलं होतं. पण १०० पिकोसेकंदांशी आल्यावर मँडेल यांची वाट अडली. ही मर्यादा जुळ्यांची नव्हती, घड्याळाची होती. विजेवर चालणारा कोणताही मोजणारा याहून फारसा चपळ होत नाही.

मग मँडेल, हाँग आणि झे-यू ओउ यांनी घड्याळच बाजूला ठेवलं आणि जुळ्यांनाच एकमेकांची वेळ मोजायला लावली. १९८७ चा हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे.

आर्गन लेसरचा ३५१ नॅनोमीटरचा झोत केडीपीच्या, आपल्या 'झिरो बावन्न चौतीस'च्या, लांबट स्फटिकात शिरतो. त्यातून जुळे फोटॉन दोन वाटांनी निघतात. दोन आरसे त्यांना वळवून पुन्हा एकत्र आणतात आणि ते एका अर्ध-पारदर्शक काचेवर दोन बाजूंनी येऊन थडकतात. ही काच निम्मा प्रकाश पलीकडे सोडते, निम्मा परत फेकते. पलीकडे दोन मोजणाऱ्या नळ्या. दोन्ही नळ्या एकत्र वाजायच्या असतील तर दोनच मार्ग: दोघंही आरपार गेले, किंवा दोघंही परतले. भावंडं थोडी मागंपुढं आली तर हे दोन प्रसंग निराळे राहतात आणि जोड्या मोजल्या जातात. पण दोघं इतकी एकाच वेळी आली, की कोण कुठून आलं हे सांगण्याची काही सोयच उरली नाही, तर? तेव्हा ते दोन मार्ग एकमेकांना खोडतात. दोघं हटकून एकाच बाजूनं बाहेर पडतात आणि दोन नळ्यांचं एकत्र वाजणं थांबतं.

ती काच एका सूक्ष्म स्क्रूवर बसवलेली होती. स्क्रू मायक्रॉनांनी फिरवायचा, आकडा लिहून घ्यायचा, पुन्हा फिरवायचा. आकडे एका पातळीवर स्थिर चालले आहेत. मग हळूहळू उतरायला लागतात. उतरत उतरत जवळजवळ शून्याशी येतात. आणि पुन्हा चढून पहिल्या पातळीवर जातात. कागदावर एक खड्डा उमटतो. त्या खड्ड्याची रुंदी म्हणजे जुळ्यांच्या जन्मवेळेतला फरक. तो निघाला सुमारे १०० फेम्टोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश तीस मायक्रॉन जातो. केसाची जाडी याहून जास्त असते. दोन वर्षांत उत्तर हजारपटीनं बारीक झालं होतं, आणि ते साध्या, मंद मोजणाऱ्या नळ्यांनी काढलं होतं. मी या विषयातलं जे काही वाचलं आहे त्यात इतकी देखणी युक्ती दुसरी नाही.

मात्र त्या निबंधात एक प्रामाणिक वाक्य होतं, आणि पुढचा सगळा इतिहास त्यातून निघाला. खड्ड्याची रुंदी मुख्यतः आम्ही लावलेल्या रंगगाळणीमुळे ठरली आहे, असं लेखकांनी म्हटलं होतं. नळ्यांपुढे त्यांनी मोजक्याच रंगांना वाट देणाऱ्या गाळण्या बसवल्या होत्या. निसर्गाचा कायदा असा, की रंगांचा पट्टा जितका अरुंद, तितकी फोटॉनची लाट लांब आणि वेळ धूसर. वेळ धारदार हवी तर पट्टा रुंद हवा. म्हणजे 'किती एकाच वेळी' या प्रश्नाचं उत्तर 'किती रंगांत' या प्रश्नाशी बांधलेलं निघालं.

त्याच वर्षी पॅरिसमध्ये ही जुळी वेगळ्या रूपात भेटली. एलिझाबेथ जाकोबिनो, क्लोद फाब्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केटीपी नावाचा आणखी एक स्फटिक दोन आरशांमध्ये बसवला. त्यातून एकेक जोडी मोजण्यापलीकडचे दोन भरघोस झोत निघाले. कोणत्याही झोतात फोटॉन पत्र्यावरच्या पावसासारखे पडतात. सरासरी सारखी राहिली तरी तडतड थांबत नाही. पॅरिसच्या दोन पत्र्यांवर मात्र तडतड एकच होती. एका झोतातून दुसरा वजा केला, तर उरलेला गोंगाट साध्या प्रकाशाच्या किमान मर्यादेपेक्षा ३० टक्के कमी भरला. वर्षभर आधी टेक्ससमध्ये जेफ किंबल यांच्या गटानं असाच आरशांमध्ये ठेवलेल्या लिथियम नायोबेटच्या स्फटिकातून एकाच झोताचा गोंगाट निम्म्याहून खाली दाबून दाखवला होता.

रुंद पट्ट्याच्या वाटेत मात्र एक पेच होता. स्फटिक लांब घ्यावा तर जोड्या भरपूर मिळतात, पण एवढ्या अंतरभर पावलं जुळणारे रंग थोडेच असतात, म्हणून पट्टा अरुंद. स्फटिक कागदासारखा पातळ घ्यावा तर सगळे रंग चालून जातात, पण जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या. इथं ब्लोमबर्गन यांची १९६२ ची कल्पना उपयोगी पडली. स्फटिकाचे अणू ठरावीक अंतरानं उलटसुलट मांडले, तर पावलं चुकायला लागली की पुढच्या पट्टीत ती सुधारतात. काही मायक्रॉन रुंदीच्या अशा उलट्या पट्ट्या विजेच्या दाबानं लिथियम नायोबेटमध्ये नेटक्या कोरता येऊ लागल्या त्या १९९३ च्या सुमारास. कागदावरून स्फटिकात यायला कल्पनेला तीस वर्षं लागली.

या जुळ्यांच्या झऱ्याला पूर आणला तो इस्रायलच्या वाइझमन संस्थेत बराक दायान, अवि पेएर, अॅशर फ्रीसम आणि यारोन सिल्बरबर्ग यांनी, २००५ मध्ये. रंगांचा पट्टा त्यांनी होता होईल तितका रुंद ठेवला. पट्टा रुंद असल्यानं प्रत्येक जोडी वेळेत अगदी घट्ट बांधलेली, म्हणून सेकंदाला प्रचंड संख्येनं जोड्या सोडल्या तरी एकीचं माणूस दुसरीत मिसळत नाही. मग त्यांनी हा प्रवाह दुसऱ्या स्फटिकात नेला. तिथं भावंडं पुन्हा एकत्र येऊन मूळचा एक फोटॉन होऊ लागली, सेकंदाला चाळीस हजारांपर्यंत. तो प्रकाश नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. १९७० मध्ये नळ्या आणि तारा लावून जे ताडावं लागलं, ते इथं अंधाऱ्या खोलीत उघड्या डोळ्यांपुढे होतं.

आणि २००७ मध्ये या कथेत एक जुना माणूस परत आला. १९६७ चे स्टॅनफर्डचे स्टीफन हॅरिस. चाळीस वर्षांपूर्वी ज्या स्फटिकात त्यांनी तो फिका उजेड पाहिला होता, त्या जातीच्या स्फटिकासाठी त्यांनी एक नवी मांडणी सुचवली. पट्ट्यांची रुंदी सगळीकडे सारखी ठेवूच नका; एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बदलत न्या. म्हणजे स्फटिकाचा प्रत्येक भाग वेगळ्या रंगांच्या जोडीला मानवेल. लांबीही राहिली आणि रुंद पट्टाही मिळाला. यात एक किंमत मोजावी लागते: वेगवेगळे रंग स्फटिकात वेगवेगळ्या ठिकाणी जन्मतात, त्यामुळे जोडीतला वेळ विस्कटतो. हॅरिस यांनी तो पुन्हा दाबून एकत्र आणण्याचा उपायही सांगितला. पण मँडेल यांच्या खड्ड्याचं वैशिष्ट्य असं, की त्यात हा विस्कटलेपणा बराचसा आपोआप खोडला जातो. २००८ मध्ये बॉस्टन विद्यापीठातल्या माल्विन टाइश यांच्या गटानं स्टॅनफर्डकरांना बरोबर घेऊन तसा स्फटिक वापरला आणि तो खड्डा पुन्हा काढला. रुंदी दहा फेम्टोसेकंदांच्याही आत आली. प्रकाशाच्या दोन-तीन कंपनांना लागतो तेवढाच वेळ.

या प्रकाशाचं सर्वांत मोठं काम सध्या गुरुत्वलहरींच्या वेधशाळांत चालू आहे. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन्ही यंत्रांत चार-चार किलोमीटरच्या बाहूंमधून लेसर धावतो आणि अणुकेंद्रापेक्षाही लहान हालचाल पकडतो. तिथं अडथळा येतो तो पत्र्यावरच्या त्याच तडतडीचा. कार्लटन केव्ह्ज यांनी १९८१ मध्येच सुचवलं होतं, की यंत्राच्या रिकाम्या, अंधाऱ्या दारातून आत येणारी निर्वाताची थरथर दाबून पाठवली तर हा गोंगाट उतरेल. २०१९ पासून लायगोत ते केलं जातं. हिरवा लेसर केटीपीच्या पट्टेदार स्फटिकात शिरतो आणि अवरक्ताच्या जोड्या जन्मतात, मधल्या रंगाच्या एक किंचित वर, एक किंचित खाली. त्यांच्या आपसातल्या नात्यामुळे थरथर एका अंगानं दबते. या प्रकाशाला म्हणावी अशी तेजस्विता जवळजवळ नसतेच. फ्रँकेन यांच्या काचेवर निदान एक ठिपका तरी होता. २०२३ मध्ये ३०० मीटर लांबीची एक पोकळी जोडून हा परिणाम खालच्या-वरच्या सगळ्या कंपनांवर पसरवला गेला, तेव्हा वेधाच्या टप्प्यात येणाऱ्या घटनांची संख्या सुमारे ६५ टक्क्यांनी वाढेल असा हिशेब निघाला.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं लायगो-इंडियाला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. पुण्याची आयुका या कामातली एक संस्था. जागा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. तिथल्या काळ्या रानात चार किलोमीटरचे दोन बाहू काटकोनात उभे राहायचे आहेत, अमेरिकेतल्या दोन यंत्रांच्या तोडीचे. आसपासच्या शेतांतल्या ठिबकच्या नळ्यांमधून 'बारा एकसष्ट' आणि 'झिरो बावन्न चौतीस' वाहतच असतं.